साठीनंतरचे भगिनीमंडळ

आपली मुलगी किंवा सून अमेरिकेत असेल, तर ‘सोरॉरिटी’ हा शब्द केव्हातरी आपल्या कानांवर आला असेल. लॅटिनमध्ये ‘सोरोर’ म्हणजे बहीण. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलींनी परस्परांना बहीण मानून चालवलेली ही मंडळे. त्यांना बहुधा ग्रीक अक्षरांची नावे असतात आणि दीक्षेचा विधीही असतो. चित्रपटांमुळे आपल्या मनात त्यांचे चित्र मेजवान्या आणि दंगामस्तीचे झाले आहे. म्हणूनच शिक्षण संपून वीस-पंचवीस वर्षे लोटलेली, क्वचित नातवंडे असलेली एखादी स्त्री अशा मंडळात नव्याने दाखल झाली, असे कळले तर आपल्याला आश्चर्य वाटेल. परंतु तिकडे ही गोष्ट मुळीच दुर्मीळ नाही. या प्रथेत आपल्या प्रकृतीच्या दृष्टीने जाणून घेण्याजोगे बरेच आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली ‘अल्फा कप्पा अल्फा’ हे मंडळ स्थापन झाले. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी स्थापलेले अशा प्रकारचे ते पहिले मंडळ. त्याच विद्यापीठात १९१३ मध्ये २२ तरुणींनी ‘डेल्टा सिग्मा थीटा’ची स्थापना केली आणि अवघ्या काही आठवड्यांत, ३ मार्च रोजी, त्या स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चात चालल्या. या मंडळांत सदस्यत्व आयुष्यभराचे मानले जाते. पदवीधरांच्या स्वतंत्र शाखा असतात आणि विद्यार्थिदशेत ज्यांना प्रवेश घेता आला नाही, अशा पदवीधर स्त्रियांना पुढे त्या शाखांमधून येता येते. शाखेत तिशीतली शिक्षिका आणि ऐंशीतली निवृत्त परिचारिका शेजारी बसतात, हे मला विशेष वाटते.

ही मंडळे नुसत्या गप्पांसाठी नव्हती. १९३५ पासून काही वर्षे दर उन्हाळ्यात अल्फा कप्पा अल्फाच्या सदस्या मिसिसिपीच्या ग्रामीण भागात जाऊन गोरगरीब शेतमजुरांना वैद्यकीय सेवा देत असत. त्यांच्या प्रमुख होत्या डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरेबी. मळेमालक मजुरांना दवाखान्यापर्यंत येऊ देईनात, तेव्हा या स्त्रियांनी आपल्या मोटारींचेच फिरते दवाखाने केले आणि मळ्यांवर जाऊन मुलांना घटसर्प व देवीच्या लशी टोचल्या. सामान्य व्यवसाय करणारी एक डॉक्टर म्हणून ही हकिगत मला फार मोलाची वाटते.

पदवीच नसेल तर? त्यांच्यासाठीही मंडळे आहेत. कॅन्सस राज्यातील ॲबिलीन गावी १९३१ साली, मंदीच्या ऐन काळात, वॉल्टर रॉस या गृहस्थाने ‘बीटा सिग्मा फाय’ काढले, ते महाविद्यालयाशी संबंध नसलेल्या स्त्रियांसाठीच. आयोवातील सात विद्यार्थिनींनी १८६९ मध्ये सुरू केलेले ‘पी.ई.ओ.’ हे मंडळ पुढे महाविद्यालयाच्या आवाराबाहेर पडले आणि प्रौढ स्त्रियांचे झाले. १९०७ पासून ते मुलींना शिक्षणासाठी कर्ज देत आले आहे. त्यात अर्ज करून जाता येत नाही, सदस्येने आपले नाव सुचवावे लागते. अशा मंडळांच्या बैठका बहुधा कोणाच्या तरी घरी भरतात. आज पाळी तुमची, पुढच्या वेळी माझी.

आपल्याकडे हे अगदीच परके आहे असे समजू नका. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात प्रौढ, अनेकदा विधवा, स्त्रिया नव्याने शिकू लागल्या. आजची भजनी मंडळे, मंगळागौरीचे गट, भिशी, ज्येष्ठ नागरिक संघ ही सारी त्याच कुळातली.

आता वैद्यकीय बाजू पाहू. कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यात सुमारे सात हजार प्रौढांवर नऊ वर्षे लक्ष ठेवून बर्कमन आणि साइम या संशोधकांनी १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे माणसांशी संबंध कमी होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. संबंध मोजताना त्यांनी विवाह आणि आप्तमित्र यांच्याबरोबर एखाद्या मंडळाचे वा संस्थेचे सदस्यत्वही धरले होते. पुढे २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टाड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. सामाजिक संबंध भक्कम असलेल्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होती. या आकड्यांकडे थोडे सावधपणे पाहावे. आजारी माणूस आपोआपच चार लोकांतून उठतो, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. पण इतक्या ठिकाणी एकच दिशा दिसते, तेव्हा तिच्याकडे दुर्लक्ष करणे मला योग्य वाटत नाही.

माझ्या मते या मंडळांतला खरा गुण हजेरीत आहे. दूरदर्शन आपण लावला नाही म्हणून कोणी विचारायला येत नाही. मंडळात मात्र आपल्याकडे चहाची पाळी असते, हिशेबाची वही असते, पेटी नाहीतर टाळ असतो. आपण गेलो नाही तर काम अडते आणि फोन येतो. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एक एकट्या राहणाऱ्या आजी गुरुवारच्या भजनाला गेल्या नाहीत, फोनही उचलेनात, म्हणून त्यांच्या दोन मैत्रिणी किल्ली मागून घरात शिरल्या. आजी न्हाणीघरात पडलेल्या होत्या, खुब्याचे हाड मोडले होते. मुलगा बंगळूरला. तो रोज रात्री नऊला फोन करत असे. भजन सकाळी दहाचे. ते अकरा तास वाचले.

येथे काळजी घेणाऱ्यांशी थोडे सविस्तर बोलायचे आहे. “आई आता कुठे जात नाही, तिला आवडच राहिली नाही,” असे आपण मला सांगता. मी आईंना एकट्याला बसवून विचारते तेव्हा बहुतेक वेळा उत्तर वेगळेच निघते. सर्वांत अधिक वेळा ते लघवीचे असते. घाई होते, थेंब गळतात, सभागृहातले स्वच्छतागृह दूर आहे किंवा खाली बसायचे आहे. ही लाजेची बाब समजून स्त्रिया वर्षानुवर्षे घरात बसतात आणि पाणी पिणे कमी करतात, त्याने त्रास वाढतोच. जंतुसंसर्ग आणि मधुमेह यांची तपासणी, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, वेळ ठरवून लघवीला जाणे, एवढ्याने पुष्कळांना आराम पडतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर बैठकीच्या दिवशी ती वेगळ्या वेळी घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने बदलू नका.

दुसरे कारण कानांचे. दोघींचे बोलणे कळते, पण दहा जणी एकदम बोलू लागल्या की सारा कलकलाट होतो. मग चुकीचे उत्तर दिले जाते, इतर हसतात आणि पुढच्या वेळी डोके दुखायला लागते. कधी कानात नुसता मळ असतो! तसे नसेल तर श्रवणचाचणी करून घ्यावी. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची जी यादी ‘लान्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये दिली, तीत बहिरेपणा, उपचार न केलेला दृष्टिदोष आणि एकाकीपणे राहणे ही तिन्ही आहेत. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचे दिवस केव्हाच गेले.

हात थरथरतो आणि कपबशी वाजते म्हणून चहाला जाणे सोडलेल्या बाई मी पाहिल्या आहेत. त्यांना कंपवाताची सुरुवात होती. पत्त्यांचा हिशेब चुकू लागला म्हणून डाव सोडणाऱ्यांची स्मरणशक्ती तपासावी लागते. कवळी सैल, गुडघे आखडलेले, अंधारात पायरी न दिसणे, ही कारणे लहान वाटतात, पण माणसाला घरात डांबायला पुरेशी असतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि बोलणे सारेच मंदावले असेल, तर नैराश्य, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांचा विचार व्हायला हवा. अशा वेळी “जरा मंडळात जा, बरे वाटेल” हा सल्ला औषधाची जागा घेऊ शकत नाही.

मंडळांचे दोष मला ठाऊक नाहीत असे नाही. अमेरिकेत दीक्षेच्या नावाखाली नवागतांचा छळ झाल्याची प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली आहेत, वर्गणीचा बोजा असतो आणि नकार मिळालेली बाई दुखावते. आपल्याकडचे रंग वेगळे. विधवेला हळदीकुंकवाला न बोलावणारे मंडळ मी कोणालाही सुचवणार नाही. भिशीत पेन्शनची मोठी रक्कम गुंतवू नये. गुडघेदुखीवर रामबाण पावडर विकणारी एखादी ‘मैत्रीण’ प्रत्येक गटात असतेच; तिच्याशी गप्पा माराव्यात, पावडर घेऊ नये, आणि तिच्या सांगण्यावरून आपली गोळी तर मुळीच बंद करू नये.

आपण स्वतः अंथरुणावरच्या रुग्णाची शुश्रूषा करत असाल, तर हे सारे आपल्यालाही लागू आहे. पंधरवड्यातून दोन तास कोणाला तरी घरी बसवून बाहेर पडा. त्याबद्दल मनाला टोचणी लावून घेण्याचे कारण नाही. ज्यांची सून सासूबाईंमुळे चार वर्षे कोठेही गेलेली नाही, त्या घरात मला दोन रुग्ण तपासावे लागतात.

नव्या मंडळात वृद्ध व्यक्ती पहिल्यांदा जाणार असेल, तर शक्यतो दिवसाउजेडी भरणारे, घराजवळचे आणि दहा-पंधरा जणींचे मंडळ निवडा. पहिल्या वेळी सोबत जाऊन स्वच्छतागृह कोठे आहे आणि त्याला कमोड आहे का, तेवढे पाहून या. पाठीला आधार असलेली खुर्ची मिळेल, असे सांगून ठेवा. इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल, तर कार्यक्रम लांबून जेवणाला उशीर होऊ शकतो, म्हणून पिशवीत साखर आणि बिस्किटे असू द्या. एका चिठ्ठीवर औषधांची नावे आणि घरचा दूरध्वनी लिहून ती पर्समध्ये ठेवा, आणि मंडळातल्या निदान दोघींचे क्रमांक आपल्याकडे घ्या. दुसऱ्या वेळी दारापर्यंत सोडा. तिसऱ्या वेळी रिक्षात बसवून द्या, आणि परत आल्यावर काय झाले ते त्या सांगतील तितके ऐका.