निगेटिव्ह केवढी, उजेड केवढा?

तेलगावात कुणाच्या ट्रंकेतून जुन्या लग्नाच्या निगेटिव्ह निघाल्याच, तर त्या बहुधा दोन मापांच्या असतील: एकशेवीसच्या रोलवरच्या चौकोनी सहा बाय सहा, नाहीतर ३५ मिमीच्या पट्ट्या. त्या एकाच एन्लार्जरवर छापायला बसलं की ऐकीव सल्ले आडवे येतात.

गैरसमज : कोपरे नीट येत नसतील तर जास्त वॉटचा बल्ब लावा.
वस्तुस्थिती : वॉट वाढवल्यानं उजेड वाढतो, पसरत नाही. ३५ मिमीच्या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिमी, तर सहा बाय सहाचा ७९. लहान मापाच्या कंडेन्सरचा (बल्बचा उजेड गोळा करणाऱ्या भिंगांचा) उजेड तिथवर पोचतच नाही आणि प्रिंटचे कोपरे पांढुरके पडतात. (काळवंडले असतील, तर दोष बहुधा कॅमेऱ्याचा.) उलट, मोठ्या बल्बच्या उष्णतेनं फिल्म फुगते आणि फोकस हलतो.

गैरसमज : मोठ्या निगेटिव्हचा दिवा लहानीला चालत नाही.
वस्तुस्थिती : डिफ्यूजर (उजेड सगळीकडे पसरवणारी दुधी काच) असेल तर खुशाल चालतो. बराच उजेड वाया जातो, वेळ जास्त द्यावा लागतो, एवढंच. कंडेन्सर मात्र लेन्सप्रमाणे बदलावा लागतो: ३५ मिमीला ५० मिमीची लेन्स, सहा बाय सहाला ७५ किंवा ८० ची.

गैरसमज : कंडेन्सरनं फोटो जास्त शार्प येतो.
वस्तुस्थिती : वाढतो तो कॉन्ट्रास्ट, साधारण कागदाच्या एका ग्रेडइतका. निगेटिव्हमधली चांदी सरळ आलेला उजेड विखुरते, दाट भागात अधिक. याला कॅलिए परिणाम म्हणतात. डोळ्याला तोच शार्पनेस वाटतो. सोबत धूळ आणि ओरखडेही उठून दिसतात. डिफ्यूजरवर एक ग्रेड कडक कागद घेतला की फरक जवळपास मिटतो. रंगीत निगेटिव्हमध्ये चांदी उरत नाही, त्यामुळे तिथं हा फरक नगण्य.

गैरसमज : कागदाला उजेड देण्याचे सेकंद एकदा ठरले की ठरले.
वस्तुस्थिती : शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं. ते दहा टक्के उतरलं, तर फिलामेंटच्या बल्बचा उजेड तीसेक टक्के घटतो. स्टॅबिलायझर लावा.

आणि सगळ्यात आधी एक करा. निगेटिव्हचा कॅरियर रिकामाच लावून कागदाचा एक तुकडा फिक्या राखाडीवर छापा. चारही कोपरे मध्यासारखेच आले, तरच आजीच्या लग्नाची निगेटिव्ह पाकिटातून काढा.