वीस अंशांचा करार

भोसरी-चाकणच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत मायक्रोमीटरवर एक छोटं स्टिकर असतं : क्रमांक, कॅलिब्रेशनची तारीख, पुढची तारीख. ऑडिटर आधी तेच बघतो. मुदत टळलेली नसली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. फाइलमधलं प्रमाणपत्र मात्र सहसा कुणी उघडत नाही. 25 मिलिमीटरला हे उपकरण किती चुकतं, आणि ती चूक सांगताना प्रयोगशाळेचा स्वतःचा अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो, हे दोन आकडे त्यात असतात. शिवाय एक ओळ तापमानाची : 20 अंश सेल्सिअस.

हे वीस आले कुठून? मीटरची मूळ पट्टी 0 अंशाला मोजली जाई, इंग्रजांचा यार्ड 62 फॅरनहाइटला. स्वीडनमधल्या एस्किल्स्टुना इथल्या बंदुकीच्या कारखान्यातला कार्ल एडवर्ड योहान्सन 20 अंश धरून चालला. प्रत्येक मापाला वेगळा गेज करण्याऐवजी 102 ठोकळ्यांच्या संचातून वीस हजार मापं जुळवता येतील, ही कल्पना त्याला 1896 मध्ये सुचली. ठोकळे घासायला त्याने बायकोचं शिवणयंत्रच कामाला लावलं! त्याचे हे ठोकळे, म्हणजे स्लिप गेज, जगभर गेले आणि त्यांच्याबरोबर वीस अंशही. 1931 साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय समितीने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

स्लिप गेज हाताळणं हे नजाकतीचं काम. पृष्ठभाग पुसून लख्ख करायचे, एकावर एक आडवे टेकवायचे, हलका दाब देत सरकवत फिरवायचे. दोन्ही ठोकळे एकमेकांना असे धरतात की उचलले तरी सुटत नाहीत. उघड्या बोटांनी मात्र धरायचे नाहीत. शंभर मिलिमीटरचं पोलाद एका अंशाला साधारण 1.15 मायक्रॉन वाढतं आणि हाताची ऊब तेवढ्याला पुरून उरते.

आता एप्रिलमधला शॉप फ्लोअर घ्या, पारा 35 वर. पोलादी भाग नि पोलादी गेज दोघेही 17 मायक्रॉन फुगतात, म्हणून वजाबाकीत सगळं मिटतं. भाग ॲल्युमिनियमचा असला तर तो दुप्पट, म्हणजे 34 च्या आसपास वाढतो, गेजपेक्षा 17 ने जास्त. 100 मिलिमीटरच्या एच-7 बोअरला एकूण मुभाच 35 मायक्रॉनची. तिच्यातली निम्मी तापमानानेच गिळली. एसी खोलीत मिळवलेलं प्रमाणपत्र इथे मदतीला येत नाही. हिशेब आपला आपणच करायचा. मशीनवरून नुकत्याच उतरलेल्या गरम भागाची तर गोष्टच सोडा.

प्रयोगशाळेचे गेजही वरच्या प्रयोगशाळेत तपासले जातात, ती साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते, आणि मीटरची व्याख्या 1983 पासून प्रकाशाच्या वेगावर टेकलेली आहे. साखळीत खाली येताना प्रत्येक कडीला अनिश्चितता थोडी वाढते. हे अटळ आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

माझ्या मते खरी ढिलाई होते ती दुसरीकडे. मायक्रोमीटर तपासणीला आला की आधी तो आहे त्या अवस्थेत काय दाखवतो ते लिहून ठेवायचं, मगच चावीने स्लीव्ह फिरवून शून्य जुळवायचं. घाईत हा क्रम उलटतो. उपकरण सुधारतं, नवं स्टिकर लागतं. पण गेल्या वर्षभरात त्याने पास केलेला माल परत मागवायचा की नाही, हे ठरवायला हाताशी एकही आकडा उरत नाही.