मनगटाचा एक्स-रे किती खरा?

पावसाळ्यात नाशिकला रामकुंडाच्या शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरला, की माणूस हात टेकतो आणि मनगटाजवळचं हाड मोडतं. या मोडीचं वर्णन अब्राहम कॉलिस यांनी 1814 मध्ये केलं, क्ष-किरणांच्या शोधाच्या 81 वर्षं आधी, नुसतं हाताने चाचपून! आता एक्स-रेवर रेघा मारून कोन मोजतात. सांध्याचा पृष्ठभाग तळव्याकडे साधारण 11 अंश कललेला असतो. तो उलट, हाताच्या पाठीकडे 10 अंशांहून जास्त झुकला किंवा हाड 3 मिलिमीटरहून अधिक आखूड झालं, तर ऑपरेशनचा विचार होतो.

गोम अशी, की तोच कोन दोन डॉक्टरांनी मोजला तर काही अंशांनी वेगळा येऊ शकतो. फोटो काढताना हात जरासा फिरला तरी कल बदलतो, आणि दुखरा हात सरळ धरणार कोण? त्यामुळे 9 की 11 यावर झोप उडवून घेऊ नये. सत्तरीतल्या आजीचं हाड फोटोत वाकडं दिसलं, तरी पोळ्या लाटताना तिचं फारसं अडत नाही, असं बरेचदा दिसतं. सांध्यातली खाच नीट पाहायची तर सीटी स्कॅन बरा. प्लास्टरनंतर आठवड्याभराने सांगितलेला दुसरा फोटो मात्र टाळू नका; बसवलेलं हाड पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सरकण्याची भीती जास्त.