आधी सायलेन्सर बघा

डिझेल व्हॅन सुरू होत नसेल तर एकाला मागे सायलेन्सरपाशी उभं करा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. काळेवाडीतल्या माझ्या गॅरेजात जुनी ट्रॅव्हलर किंवा विंगर आली की माझं काम इथूनच सुरू होतं. सेल्फ दमदार फिरतोय पण धुराचा पत्ता नाही, म्हणजे डिझेल इंजिनापर्यंत पोचतच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतोय, म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाही. आणि सेल्फच रडतखडत फिरत असेल तर आधी बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंगची वायर बघायची. बाकी सगळं नंतर.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. म्हणून इंजिन मंद फिरलं, कॉम्प्रेशन गळालं किंवा थंडीत हीटर प्लग तापले नाहीत, तर डिझेल मिळूनही गाडी उठत नाही. सेल्फ मारताना बॅटरीला मीटर लावा. व्होल्टेज साडेनऊच्या खाली उतरत असेल तर पंपाला हात लावायचं कारण नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येते ती चाकणला कामगार पोचवणाऱ्या गाड्यांची तक्रार. "दादा, सकाळी लई सेल्फ खाते. एकदा चालू झाली की दिवसभर काही नाही. पंप गेला का?" बहुतेक वेळा पंप धडधाकट असतो, गाडी एअर धरत असते. टाकी खाली, इंजिन वर. मधल्या जुन्या रबरी पाइपला बारीक चीर पडली की तिथून डिझेल गळतंच असं नाही, कारण पंप ते खेचत असतो. उलट हवा आत शिरते. रात्रभरात पाइपमधलं डिझेल टाकीकडे सरकतं. गाडीखाली ओल दिसत नाही, म्हणून पाइपवर कुणाचा संशयच जात नाही. मी फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये तात्पुरता पारदर्शक पाइप जोडतो. सेल्फ मारला की त्यातून बुडबुडे पळताना मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात. मग पाइप, क्लिप आणि तांब्याचे वॉशर बदलायचे, हातपंपाने एअर काढायची. एवढ्याशा कामासाठी पंप-नोझलचं भलंमोठं बिल हप्ता भरणाऱ्या ड्रायव्हरच्या गळ्यात पडतं, याचा मला मनापासून राग येतो.

पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी शिरलंय का हे बघायला फिल्टरखालचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी जड असतं, ते तळाशी वेगळं दिसतं.

आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, १९८७ साली ट्रॅव्हलर आणली तेव्हाचा पंप पूर्ण यांत्रिक होता. त्याची एअर स्क्रू ढिला करून काढता यायची. कॉमन रेलच्या गाड्यांचं तंत्र वेगळं. रेलमध्ये साधारण दोनशे बार दाब जमल्याशिवाय कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही. एखादा इंजेक्टर झिजून रिटर्नला जास्त डिझेल सोडू लागला की दाब जमत नाही. इथे लक्षण बरोबर उलटं दिसू शकतं: सकाळी गाडी सुरू होते, पण गरम झाल्यावर बंद केली की उठत नाही, कारण तापलेलं डिझेल पातळ होऊन जास्त निसटतं. स्कॅनरवर दाब बघायचा आणि प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक छोटी बाटली लावायची. जी बाटली इतरांआधी भरते, तिचा इंजेक्टर गुन्हेगार. मात्र या गाड्यांचे हाय प्रेशर पाइप इंजिन चालू असताना कधीही सैल करू नका. त्यातून सुटणारी डिझेलची धार कातडीत घुसते आणि माणसाचं बोट जाऊ शकतं. हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रेही मारू नका, आतल्या आत स्फोट होतो.

जुनी व्हॅन घ्यायला जाताना मालकाला आदल्या दिवशीच सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर बॉनेट उघडून इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर व्यवहाराचं बोलणं दुसऱ्या सकाळवर टाका. थंड असेल तर पहिला सेल्फ स्वतः मारा, सोबतच्याला सायलेन्सरपाशी उभं करा. मग अर्धा तास फिरवा, बंद करा, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारा. दोन्ही वेळा गाडी चटकन उठली, तर मगच किमतीवर बोला.