काडतुसांची मोट आणि रहाटगाडगे

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत पिवळ्या पोटाचा, मांजराएवढा एक कुरतडणारा प्राणी आहे. तिकडचे लोक त्याला ‘रॉकचक’ म्हणतात. आपल्याकडे रानडुकराने जसा जीव नकोसा केला आहे, तसा तिकडच्या शेतकऱ्याला हा. लसूणघास फस्त करायचा आणि बांधाबांधाला बिळे पाडायची, हाच त्याचा धंदा. दुसऱ्या महायुद्धात बंदुकीच्या गोळ्या बाजारात मिळेनात. तेव्हा कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावच्या फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ साली वापरलेल्या बारीक पुंगळ्यांपासूनच नव्या गोळ्या दाबून काढण्याचा साचा तयार केला. त्याचे नाव ‘रॉक चक बुलेट स्वेज’. त्याच आद्याक्षरांची ‘आरसीबीएस’ कंपनी पुढे काडतुसे भरण्याच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध झाली.

होय, तिकडे पुष्कळ लोक काडतुसे घरीच भरतात आणि कायद्याने त्याला मुभा आहे. आपल्याकडे मात्र परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. पीकसंरक्षणासाठी मिळालेला परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, काडतुसे बनवण्याचा नव्हे. तेव्हा वाचकांनी हे सारे परमुलखातली हकीकत म्हणूनच वाचावे.

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टोपी, दारू आणि गोळी संपतात; पुंगळी उरते. ती जपून ठेवली तर पुन्हा पुन्हा भरता येते. पुंगळीही दोन तऱ्हेची. बुडाच्या मधोमध एकच भोक असलेली बॉक्सर पद्धतीची, तिची जुनी टोपी एका सुईने सहज निघते. बर्डन पद्धतीच्या पुंगळीला दोन बारीक भोके, तिथे ही सुई चालत नाही. गंमत अशी, की बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन. पण अमेरिकेने उचलली ती इंग्रजाची तऱ्हा!

साधे यंत्र म्हणजे आपली मोट. बैल धावेवरून उतरले की एक मोट पाणी वर येते. पुन्हा मागे या, पुन्हा उतरा. या यंत्रात एका वेळी एकच साचा बसतो. आधी सगळ्या पुंगळ्यांच्या जुन्या टोप्या काढून त्या मापात आणायच्या. मग सगळ्यांना नव्या टोप्या, मग प्रत्येकीत मोजून दारू आणि शेवटी साचा बदलून गोळ्या बसवायच्या. तासाला पन्नास, फार तर शंभर काडतुसे होतात.

दुसरे यंत्र म्हणजे रहाटगाडगे. एक गाडगे विहिरीत बुडते, दुसरे वर चढते, तिसरे पन्हाळीत रिते होते, सगळे एकाच फेऱ्यात. इथे फिरत्या चकतीवर चार-पाच पुंगळ्या उभ्या असतात. दांडा एकदा ओढला की एकीची टोपी निघते, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी बसते आणि शेवटची तयार होऊन पेटीत पडते. ॲरिझोनातील डिलन कंपनीची अशी यंत्रे नावाजलेली आहेत. नेमबाजीचा सराव करणाऱ्याला आठवड्याला शेकडो काडतुसे लागतात. तासाला चारशेवर काडतुसे निघाली की त्याला मोट नकोशी होते यात नवल नाही.

पण खरी गोम पुढेच आहे. मोटेच्या यंत्रावर दारू भरल्यावर पन्नास पुंगळ्या फळीवर ओळीने उभ्या असतात. दिवा धरून वरून पाहिले की कमीजास्त लगेच कळते. रहाटगाडग्यात माणसाचा हात आणि डोळा वेगाबरोबर धावतो. मध्येच टोपी अडकली, दांडा अर्ध्यावर थांबला, कोणी हाक मारली, की घोळ होतो. एखाद्या पुंगळीत दारू पडतच नाही. मग नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत जाऊन अडकते. बार ‘फुस्स’ झाला म्हणून त्याने लगेच दुसरा टाकला, तर नळी फाटते. याउलट एकीत दोनदा दारू पडली, तर बंदूकच हातात फुटते. काही यंत्रांत चकती हाताने फिरवावी लागते. ती फिरवायला विसरलो आणि दांडा पुन्हा ओढला, की दुप्पट दारू पडलीच म्हणून समजा.

म्हणून जाणकार माणूस दारू अशी निवडतो, की तिचा आकार पुंगळी अर्ध्याहून जास्त भरेल. दुप्पट पडली तर ती बाहेर सांडते आणि चूक उघडी पडते. दारूची पातळी कमीजास्त झाल्यास शिट्टी देणारे साधनही मिळते. तरी गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावणे सुटत नाही. घोळ झाला, तर चकतीवरच्या सगळ्या पुंगळ्या काढून पहिल्यापासून सुरुवात करायची. टेबलावर दारूचा एकच डबा ठेवायचा आणि काम झाल्यावर हात धुवायचे, कारण शिसे हाताला लागते. लेकरांना त्या खोलीत थारा नाही.

माझे मत विचाराल, तर ज्याने मोटेवर हजारभर काडतुसे भरलेली नाहीत, त्याने रहाटगाडग्याच्या वाटेला जाऊ नये. कुठली पायरी कशासाठी, हे मोटच शिकवते. आणि नवे यंत्र पैसे वाचवते हेही अर्धेच खरे. काडतूस स्वस्त पडते, म्हणून माणूस दुप्पट उडवतो!

पुष्कळ जुने लोक नवे यंत्र घेतल्यावरही जुने विकत नाहीत. सरावाची काडतुसे नव्यावर आणि शिकारीची, एकेक दाणा तोलून भरायची ती वीस काडतुसे, थंडीच्या संध्याकाळी जुन्यावर.