धबधब्याचा माग

पावसाळा सुरू होऊन महिना लोटला की घाटमाथ्याच्या गावांतून सुटीच्या दिवशी माणसांची रीघ लागते. दूधसागर, आंबोली, गोकाक, महूजवळचे पाताळपाणी ही नावे सर्वांच्या तोंडी असतात, आणि तेथे जाणाऱ्यास पुष्कळदा पाण्यापेक्षा छत्र्याच अधिक दिसतात. अशा वेळी पाठीवर पडशी टाकून पायी हिंडणाऱ्या माणसाच्या मनात सहजच येते की, डोंगरात एवढा पाऊस पडतो तर असे आणखीही धबधबे असतीलच. ते शोधावे कसे? या प्रश्नाचे उत्तर दैवावर सोपविण्याचे कारण नाही. धबधबा कोठे असावा, हे बऱ्याच अंशी घरी बसून ठरविता येते. इतकेच नव्हे, तर ज्या विचाराने तो सापडतो, त्याच विचाराने तेथे गेलेला माणूस सुखरूप परत येतो. हा विचार असा की, धबधबा पायथ्याशी उभे राहून पाहावा; परंतु समजून घ्यावा तो त्याच्या माथ्यामागच्या मुलुखावरून.

धबधबा होण्यास दोन गोष्टी लागतात: पाणी आणि कडा. पाऊस सर्वत्र पडतो; कडा मात्र ठरावीक ठिकाणीच असतो. महाराष्ट्राचा बराचसा भाग आणि माळव्याचे पठार ज्या काळ्या खडकाचे बनले आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर आलेल्या लाव्हारसाचा खडक होय. हा रस एकदाच आला नाही. थरावर थर साचत गेले. त्यांतील काही थर घट्ट व कठीण, तर काही सच्छिद्र व भुसभुशीत आहेत. वाहते पाणी मऊ थर लवकर पोखरते आणि वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो. कित्येक धबधब्यांच्या पडद्यामागे माणूस उभा राहील एवढी पोकळी असते, ती यामुळेच. पुढे केव्हातरी तो छज्जा आपल्याच भाराने कोसळतो आणि धबधबा थोडा मागे सरकतो. पायथ्याशी पडलेले मोठाले धोंडे हे एके काळी माथ्यावरच होते, ही गोष्ट तेथे सावलीला बसू पाहणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

काळ्या खडकाचाच कडा लागतो असे मात्र नाही. बेळगाव जिल्ह्यात घटप्रभा नदी गोकाकजवळ वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. तेथून सह्याद्री पुष्कळ दूर आहे. आदिलाबाद जिल्ह्यात कुंतला येथे गोदावरीस मिळणारी कडम नदी सुमारे ४५ मीटर खाली उतरते. तेथेही सह्याद्रीचा संबंध नाही. कठीण खडकाची पायरी आणि तिच्यावरून जाणारा प्रवाह जेथे एकत्र येतात, तेथे धबधबा होतो. तथापि अशा पायऱ्या सर्वांत अधिक आढळतात त्या पठाराच्या काठावर.

पठाराचा काठ म्हणजे काय, हे आंबोलीच्या उदाहरणाने चांगले समजते. आंबोलीच्या माथ्यावर पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. पश्चिमेकडे उतरणारे पाणी कड्यावरून थेट कोकणात पडते आणि थोड्याच अंतरावर अरबी समुद्रास मिळते. पूर्वेकडचे पाणी हिरण्यकेशीला मिळते, हिरण्यकेशी घटप्रभेला, आणि तेच पाणी पुढे गोकाकचा कडा उतरून कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरास जाते. एकाच सरीचे दोन थेंब दोन समुद्रांना जातात! इंदूरजवळही हाच प्रकार आहे. महूच्या परिसरात जानापाव डोंगरावर उगम पावणारी चंबळा उत्तरेस यमुनेकडे वळते, तर तेथून जवळच चोरल नदी दक्षिणेस नर्मदेकडे उतरते आणि उतरताना पाताळपाणी येथे सुमारे ३०० फूट खोल दरीत झेप घेते. दोन्ही ठिकाणी पठाराची एक बाजू मंद उताराची आणि दुसरी तुटलेली आहे. मंद बाजूस नद्या संथ वाहतात; तुटलेल्या बाजूस त्या पडतात. म्हणून धबधब्याचा शोध घेणाऱ्याने प्रथम हे पाहावे की, आपल्या भागातील पाणी कोणत्या रेषेवर दुभंगते आणि त्या रेषेची कोणती बाजू तुटलेली आहे.

ही रेषा नकाशावर दिसते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर होत. त्यावर तपकिरी रंगाच्या ज्या बारीक रेषा असतात, त्या समान उंचीच्या ठिकाणांना जोडतात; सामान्यतः लागोपाठच्या दोन रेषांमध्ये उंचीचा फरक २० मीटर असतो. रेषा दूर दूर असतील तर जमीन सपाट, जवळ जवळ असतील तर चढ उभा. दोन मिलिमीटरांच्या जागेत अशा सहा रेषा दाटल्या असतील, तर १०० मीटर अंतरात जमीन १०० मीटर खाली गेली, असा त्याचा अर्थ होतो. तेथून ओढा जात असेल तर तो धावत उतरणार, आणि रेषा एकमेकींत मिसळून गेल्या असतील तर तो कोसळणार, हे निश्चित. ओढ्यापाशी या रेषा कोनासारख्या वळतात व त्या कोनाचे टोक प्रवाहाच्या वरच्या अंगास असते. त्यावरून पाणी कोणीकडून कोणीकडे जाते हे कळते. बारमाही पाण्याचा प्रवाह निळ्या रंगाने आणि पावसाळ्यानंतर कोरडे पडणारे पात्र काळ्या रेषेने दाखविण्याची या नकाशांत पद्धत आहे. हल्ली भ्रमणध्वनीवरील नकाशांतही उंचीच्या रेषा पाहता येतात; परंतु दरीत संदेशलहरी पोहोचतीलच असे नाही, म्हणून कागदी प्रत जवळ असलेली बरी.

कडा सापडला की दुसरा प्रश्न पाण्याचा. धबधब्याच्या माथ्यापासून वरच्या अंगाला बोट फिरवीत न्यावे आणि ज्या डोंगरधारांवरचे पाणी या ओढ्यात येते, त्या सर्वांना वेढणारी रेषा पेन्सिलीने काढावी. तिच्या आतील प्रदेश हे त्या धबधब्याचे पाणलोट क्षेत्र होय. नकाशावरील दोन सेंटिमीटर बाजूचा चौकोन म्हणजे एक चौरस किलोमीटर, या हिशेबाने ते मोजताही येते. क्षेत्र दोन-तीन चौरस किलोमीटरच असेल तर तो धबधबा पावसाबरोबर फुगणार आणि पाऊस थांबताच थोड्या दिवसांत रोडावणार. त्यासाठी भर पावसाळ्यातच जावे लागते. क्षेत्र मोठे असेल तर पाणी उशिरापर्यंत टिकते. गोवा आणि कर्नाटक यांच्या सीमेवरचा दूधसागर ३१० मीटर उंचीचा असून पावसाळा सरल्यावरही त्याचे रूप पुष्कळ दिवस टिकून असते. बहुतेक मोठ्या धबधब्यांना सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हाच काळ उत्तम; कारण आषाढ-श्रावणात पाणी उदंड असले तरी धुके कित्येकदा सारे झाकून टाकते.

वेळेचाही विचार करावा. सह्याद्रीच्या तुटलेल्या बाजूचे धबधबे बहुधा पश्चिमाभिमुख असतात. सकाळी ते सावलीत राहतात व दुपारनंतर त्यांच्यावर ऊन पडते. पाहणाऱ्याच्या पाठीशी सूर्य आणि समोर तुषार असले म्हणजे इंद्रधनुष्य दिसते. म्हणून अशा ठिकाणी ते तिसऱ्या प्रहरी दिसण्याचा संभव अधिक. पूर्वाभिमुख धबधब्यास सकाळ साधावी. आंबोलीजवळ कावळेसादसारख्या ठिकाणी दरीतून वर चढणारा वारा पडते पाणी उलट माथ्यावर उडवितो. तो देखावा अपूर्व खरा, परंतु जो वारा पाणी उचलतो तो कड्यावरच्या माणसाचा तोलही घालवू शकतो.

नकाशा जे सांगत नाही ते गावकरी सांगतो. कोणत्या वाटेने जावे, कोणता ओढा पावसात ओलांडता येत नाही, कोणत्या डोहात उतरू नये, हे गुराख्यास आणि शेतकऱ्यास ठाऊक असते. एखाद्या डोहाविषयी वाईट आख्यायिका असेल तर ती हसण्यावारी नेऊ नये. तिच्या मुळाशी बहुधा बुडालेल्या माणसांची आठवण असते. वनखात्याच्या हद्दीत परवानगी घ्यावी. दूधसागर हा भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरात येतो व त्याच्यासमोरून लोहमार्ग जातो. या लोहमार्गावरून चालत जाणे हा नियमभंग तर आहेच, शिवाय बोगद्यांमुळे आणि पाण्याच्या आवाजामुळे गाडी येत असल्याचे कळत नाही. कुळे गावाकडून जाणारी जंगलातील वाट ओढ्यांचे पाणी ओसरल्यावरच उपयोगी पडते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. धबधब्यापाशी माणसे मरतात ती बहुधा दोन कारणांनी: घसरून, आणि अचानक वाढलेल्या पाण्याने. पहिले कारण डोळ्यांना दिसते. दुसरे दिसत नाही, कारण ते वरच्या मुलुखात घडत असते. येथे पाणलोटाचा हिशेब पुन्हा कामी येतो. दहा चौरस किलोमीटर क्षेत्रावर तासाभरात ३० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी ३० कोटी लिटर भरते. त्यातले अर्धे जरी ओढ्यात उतरले तरी १५ कोटी लिटर पाणी त्या एका चिंचोळ्या नाळेतून जाणार. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर पावसाचा एक थेंबही पडलेला नसेल, आणि तरीही त्याच्याकडे हे पाणी येत असेल.

१७ जुलै २०११ रोजी पाताळपाणी येथे कड्याच्या अगदी वरच्या अंगाला प्रवाहात उतरलेल्या एका कुटुंबाभोवती पाणी एकाएकी वाढले. पाच जण कड्यावरून खाली वाहून गेले व त्यांपैकी तिघे दगावले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी ग्वाल्हेर-शिवपुरीच्या सरहद्दीवर सुलतानगढ धबधब्यावर असेच पाणी चढले. काही तरुण वाहून गेले आणि कित्येक माणसे मधल्या खडकावर अडकून पडली, त्यांच्या सुटकेचे काम रात्रीपर्यंत चालू होते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या वरच्या प्रवाहात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले.  तिन्ही ठिकाणी माणसे प्रवाहात होती, आणि पाणी वाढू लागल्यावर काठ गाठण्यास वेळ उरला नाही.

पाणी वाढण्यापूर्वी बहुधा काही खुणा दिसतात. नितळ पाणी गढूळ होते. पाला, काटक्या, फेस वाहून येऊ लागतो. आवाज जड होतो. मघाशी उघडा असलेला दगड बुडतो. म्हणून धबधब्यापाशी पोहोचताच काठचा एखादा दगड खूण म्हणून हेरून ठेवावा आणि त्याच्याकडे अधूनमधून पाहत राहावे. वरच्या डोंगरावर काळे ढग दाटले असतील, तर खाली ऊन असले तरी पात्रातून बाहेर यावे. यांपैकी एक खूण दिसली तरी सामान गोळा करीत बसू नये. प्रवाहाच्या दिशेने न पळता आडवे जाऊन काठाच्या उंच जागी चढावे. परतीची वाट ज्या बाजूस आहे, त्याच बाजूस थांबावे, म्हणजे ओढा ओलांडण्याचा प्रसंगच येत नाही. मुलांना माथ्यावरच्या प्रवाहात कधीही उतरू देऊ नये. तेथले पाणी घोट्याएवढे दिसते, पण खालचा कातळ शेवाळाने गुळगुळीत असतो आणि चार पावलांवर कडा असतो. वरून डोहात उडी मारणे तर सर्वस्वी टाळावे. तळाचे धोंडे फेसाखाली दिसत नाहीत आणि पडत्या पाण्याचा भोवरा पट्टीच्या पोहणाऱ्यासही खाली खेचतो.

धरणाखालच्या धबधब्यांची गोष्ट याहून निराळी आहे. शरावतीवर १९६४ साली लिंगनमक्कीचे धरण पुरे झाल्यापासून २५३ मीटर उंचीच्या जोगचा प्रवाह धरणातील पाण्यावर अवलंबून असतो. गोकाकच्या वरच्या अंगालाही घटप्रभेवर हिडकलचे धरण आहे. अशा ठिकाणी आकाश निरभ्र असतानाही पाणी सोडल्यामुळे प्रवाह वाढू शकतो. भोंगा वाजला अथवा पहारेकऱ्याने हाक दिली, तर कारण विचारीत न बसता बाहेर पडावे. जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळ्यात काही ठिकाणी घातलेली बंदीही याच दृष्टीने पाहावी.

निघण्यापूर्वी नकाशावर आखलेली रेषा घरच्या माणसास दाखवावी, परतण्याची वेळ सांगून ठेवावी आणि पायथ्याच्या गावात आपण किती जण वर चाललो आहोत, हे कळवावे. दोन-तीन तासांचा उजेड शिल्लक असतानाच परतीस लागावे. धबधबा पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे; त्या दिवशी पाणी फार असेल तर समोरच्या डोंगरधारेवरून तो पाहून यावा. कित्येकदा कड्याची उंची, पाण्याच्या पायऱ्या आणि माथ्यामागचा तो सारा मुलूख तेथूनच सर्वांत चांगला दिसतो.