उपाहारगृहातील खरकटे व शेताचे खत

उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरातून रोज निघणारी भाज्यांची देठे, साली, चहाचा चोथा व उरलेले अन्न हे खताचे उत्तम द्रव्य होय. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याची आणि ओला शक्यतो आवारातच जिरविण्याची जबाबदारी उपाहारगृहांवर टाकली. जागेअभावी तो जवळच्या शेतकऱ्यास द्यावयाचा झाल्यास त्यात काच व प्लास्टिक मुळीच नसावे. काचेने पाय कापतात व प्लास्टिक गुरांच्या पोटात जाते. असा माल शेतकऱ्याने खुशाल परत पाठवावा.

शिजलेल्या अन्नात पाणी व नत्र अधिक असल्याने नुसता ढीग सडून दुर्गंधी सुटते. म्हणून त्याच्या दुप्पट-तिप्पट वाळका पालापाचोळा किंवा उसाचे पाचट मिसळावे. कर्ब व नत्र यांचे प्रमाण सुमारे 30 ला 1 असावे, म्हणजे ढीग तापून 55 ते 60 अंश सेल्सिअसपर्यंत जातो व तणाचे बी मरते. तळणीचे तेल व खारट रस्सा ढिगात ओतू नये. तेलाने हवा कोंडते, मिठाने जमीन बिघडते. आठवड्याला ढीग पालटावा. खत काळसर व मातीच्या वासाचे झाल्यावरच पिकास द्यावे, कारण अर्धकच्चे खत कुजताना जमिनीतील नत्र ओढून घेते.